दोनशे दहाचे व्याही

"रक्ताचं काय ते मला विचारा!" असं लिंबाजी कंपाउंडर छातीवर हात ठेवून म्हणायचा. हात पडायचा तो बरोबर काळजावर, इंचभरही इकडंतिकडं नाही, एवढं त्याच्या दुश्मनांनीही कबूल केलं असतं! बावीस वर्षं त्यानं डॉक्टर व्यंकटरावांच्या दवाखान्यात बाटल्यांत लाल औषध भरलं, त्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, मलमं घोटली. आमचं गाव पेडगावच्या पुढं, फाट्यापासून दीड कोस आत. तिथं शिकलेला माणूस म्हणजे शाळेचे मास्तर, तलाठी आणि लिंबाजी. मास्तर आणि तलाठी बदलून जात. लिंबाजी जात नव्हता, त्यामुळं ऐकून घेण्यावाचून गावाला इलाज नव्हता.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनसाठी औरंगाबादला निघताना ते म्हणाले, "लिंबाजी, दीड महिना मी नाही. खोकला, ताप, खरूज, जखम एवढंच बघायचं. त्यापुढचं काही आलं तर रोग्याला सरळ परभणीच्या गाडीत बसवायचं. आणि त्या पेटीला हात लावायचा नाही!"

"छे छे! हात कशाला लावू?" लिंबाजी म्हणाला, आणि नजर पेटीवरच.

ती पेटी म्हणजे रक्तदाब मोजायचं मशीन. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहायची, तिच्यात पारा, खाली दंडाला बांधायचा कापडी पट्टा, पट्ट्याच्या पोटात रबरी पिशवी आणि हवा भरायचा फुगा. लिंबाजीनं डॉक्टरांच्या मागं उभं राहून ती हजार वेळा पाहिली होती. आणि नेमकं पुढच्या शुक्रवारी त्याचे होणारे व्याही येणार होते!

व्याही म्हणजे गंगाखेडकडचे सूर्यभानराव. दहा एकर ऊस, विहिरीवर इंजिन, आणि मुलगा मुंजाजी शाळेत मास्तर. लिंबाजीच्या हेमाला बघायला आला तेव्हा मुंजाजीनं पोहे बाजूला ठेवून विचारलं होतं, "मॅट्रिकला शास्त्रात किती मार्क होते?" आणि जाताना हळूच म्हणाला होता, "पुढं शिकायचं असंल तर माझी ना न्हाई." तेव्हापासून हेमा घरात गाणं गुणगुणत हिंडत होती. मुलगा हातचा जाता कामा नये, हे घरातल्या मांजरालाही कळलं होतं. अडचण एकच. सूर्यभानराव शुक्रवारी मागण्यांची यादी घेऊन येणार होते, आणि त्यांची यादी म्हणजे साधीसुधी नसते, असं मध्यस्थानं आधीच कानावर घातलं होतं.

"यादी काढायच्या आत त्यांच्यावर वजन टाकतो!" लिंबाजी बायकोला म्हणाला. "पेटी उघडायची, पट्टा बांधायचा, कानाला नळ्या लावायच्या. माणूस निम्मा तिथंच नरमतो!"

"डॉक्टर हात लावू नका म्हन्ले ना?" कुसुमबाईनं विचारलं.

"डॉक्टरांना डोळ्यांनी दिसत न्हाई म्हणून तसं म्हन्ले!"

गुरुवारी दुपारी त्यानं सरावासाठी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि फुगा दाबला. फुस्स! पुन्हा दाबला. फुस्स! उन्हाळ्यानं आतल्या रबराला भेगा पडल्या होत्या. पिशवीचं पार पोतेरं झालेलं. आता डॉक्टरांनी सोलून काढलं असतं, आणि व्याह्यांसमोर वजन पडायचं राहिलं ते वेगळंच. लिंबाजीनं पट्टा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि भर उन्हात फाटा गाठला.

फाट्यावर सिताराम पंक्चरवाला. त्यानं पिशवी बोटांनी ताणली आणि तिचा तुकडाच त्याच्या हातात आला. "लहाने डॉक्टर, हे पंक्चर न्हाई, हे मयत हाय! पर काळजी काऊन करता? सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापतो, दोन्ही तोंडं सुलोचन लावून चिकटवतो, तुमच्या ह्या दोन नळ्या जोडून देतो. बैलगाडीखाली घातली तरी हवा सोडणार न्हाई!"

आणि खरंच, सितारामनं काम चोख केलं. जुनी पिशवी सहासात बोटं रुंद होती आणि ही जेमतेम तीन बोटं, एवढाच फरक. पण ती पट्ट्याच्या पोटात गेल्यावर बाहेरून कुणाला दिसणार? लिंबाजीनं घरी येऊन स्वतःचा दाब मोजला. एकशे तीस. उत्तम! आता लिंबाजीचा दंड म्हणजे तूरकाठी, हे इथं सांगून ठेवतो.

शुक्रवारी सूर्यभानराव आले. दारातून आत येताना त्यांना खाली वाकावं लागलं आणि तिरकंही व्हावं लागलं. दंड केवढा म्हणाल, तर लिंबाजीची मांडी! बसायच्या आधीच त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढला.

"इवाई, जास्त काही न्हाई. गंगाखेडचा बँड. पोराला मनगटी घड्याळ. ट्रान्झिस्टर, चामड्याच्या पिशवीसकट. आन् आमची तीनशे मान्सं येतील, जिलबी पायजे. बुंदी चालणार न्हाई!"

दाराआड हेमा उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज एकदम थांबला.

"ते होईल हो सगळं," लिंबाजी घाईघाईनं म्हणाला. "आधी तबियत बघू. दाब कधी तपासला का?"

"कशाचा दाब?"

झालं! हा प्रश्न विचारायला माणूस मिळावा म्हणून लिंबाजी बावीस वर्षं थांबला होता. "हे बघा, तुमच्या विहिरीवर इंजिन हाय का न्हाई? तसं हे काळीज. मिनिटाला सत्तरदा आवळतं आन् सत्तरदा ढिलं पडतं. आवळलं की रक्त जोरात नळ्यांत शिरतं, मोठ्या नळीतून लहान नळीत, लहानातून केसाहून बारीक नळीत, पार नखापर्यंत! नळीच्या भिंतीवर रक्ताचा जो रेटा बसतो, तो दाब. आवळल्यावरचा वरचा आकडा, ढिलं पडल्यावरचा खालचा."

सूर्यभानराव शेतकरी माणूस. त्यांनी विचार करून विचारलं, "पर इवाई, आमचं पानी वाफ्यात जिरतं. रक्त कुठं जिरतं?"

"जिरतच न्हाई! हितंच तर गंमत हाय! दुसऱ्या नळ्यांनी परत काळजात येतं, फुप्फुसात जाऊन ताजं होतं, आन् पुन्हा निघतं. तेच ते पाणी, दिवसरात्र!"

"म्हंजे इहीर आटत न्हाई?" सूर्यभानराव थक्क झाले. "असं इंजिन कुठं मिळतं हो?" त्यांनी आपणहून बाही वर सारली.

पट्टा त्या दंडाला कसाबसा पुरला. लिंबाजीनं कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला, पारा वर चढवला आणि हवा हळूहळू सोडू लागला. नाडी पार दाबून टाकली की आवाज बंद असतो. पट्ट्याखालून रक्ताची पहिली उसळी निसटली की ठक् असा आवाज येतो, आणि तो आला तिथला पारा म्हणजे वरचा आकडा. ठक्! लिंबाजीनं डोळे चोळले. पुन्हा फुगवलं. ठक्!

"किती?" सूर्यभानरावांनी विचारलं.

"दोनशे... दोनशे दहा."

"आन् चांगल्या मान्साचं किती आस्तं?"

"एकशे वीस."

"बघा!" सूर्यभानरावांनी मिशीवर हात फिरवला. "आमचं समदंच जादा! उसाचा उताराबी तसाच!"

"अवो इवाई, हे वाईट हाय!" लिंबाजी खरोखरच घाबरला होता, कारण त्याचा मशीनवर पुरता भरवसा होता. "इंजिनानं जादा रेटा दिला तर पाइपाचं काय होतं?"

सूर्यभानरावांचा हात मिशीवरच थांबला. गेल्याच साली त्यांचा पाइप फुटला होता. रात्रभर पाणी वाहून बांध गेला होता. "माझा कुठनं फुटंल?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

लिंबाजीनं डोक्याकडं बोट दाखवलं.

एवढा मोठा माणूस! पण बाजेवर आडवा झाला तो लहान लेकरासारखा. "मीठ बंद," लिंबाजी सांगत होता, "तंबाखू बंद, राग बंद, आरडाओरडा बंद. आन् परभणीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा."

"मोठ्या डॉक्टरनं आजून जादा आकडा सांगितला म्हंजे? न्हाई, तुमचाच इलाज चालू ठिवा." सूर्यभानरावांनी यादी पुढं केली. "आन् हे फाडा. बँड नको, ठोक्यानं नळी फुटंल. घड्याळ नको, ट्रान्झिस्टर नको. पोरगी नेसत्या लुगड्यावर पाठवा. वैशाखाच्या आत लगीन उरकू, तवर मी हाय का न्हाई कुणाला ठावं!"

दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या. कुसुमबाईनं शिजत आलेली आमटी बाजूला सारून घाईनं बिनमिठाचं वरण टाकलं. व्याह्यांनी ते डोळ्यांत पाणी आणून खाल्लं आणि दुपारच्या गाडीनं घरी गेले.

आता एवढ्यावर थांबेल तो लिंबाजी कसला? गंगाखेडच्या बागायतदाराचं दुखणं आमच्या लिंबाजीनं हुडकलं, ही खबर संध्याकाळपर्यंत गावभर झाली. सकाळी दवाखान्यापुढं रांग! लिंबाजी मोजायला आणि हेमा वहीत लिहायला. नागनाथ पैलवान, दोनशे तीस! सरपंच, दोनशे! पिठाच्या गिरणीवाला, एकशे नव्वद! सुटली फक्त काटकुळी माणसं. सरजाबाई म्हातारीचे एकशे तीस भरले तर ती हिरमुसून म्हणाली, "गरिबाला कोन जास्त देतंय!"

आणि आठ दिवसांत गाव अळणी झालं. दुकानात मिठाचं पोतं तसंच पडून. नागनाथ पैलवानानं तालीम सोडली आणि तो दिवसभर ओट्यावर बसून स्वतःची नाडी मोजायला लागला. उन्हाळ्याचे दिवस, घरोघर पापड-कुरडया चाललेल्या, त्यासुद्धा बिनमिठाच्या! पाणवठ्यावर भांडण सुरू झालं की कुणीतरी म्हणायचं, "अगं, दाब! दाब!" आणि दोघी घागरी उचलून मुकाट चालू लागायच्या. गावात इतकी शांतता आमच्या जन्मात कुणी पाहिली नव्हती. लिंबाजी रस्त्यानं चालला की लोक उठून उभे राहू लागले.

एका दुपारी हेमा वही घेऊन आली. तिच्या हातात शिंप्याची टेप होती.

"बाबा, एक सांगू का? ज्याचा दंड जाड त्याचा दाब जास्त. मी चार दिवस मोजायलेय. पैलवानाचा सगळ्यात जाड, त्याचा सगळ्यात जास्त. सरजाआजीचा सगळ्यात बारीक, तिचा सगळ्यात कमी. एकबी चुकत न्हाई!"

"मग बरोबरच हाय की! जाड मान्साला रक्त जास्त!"

"आन् पट्ट्यात काय हाय?" असं म्हणून हेमानं पट्ट्याची शिवण उसवली. आतून सायकलची ट्यूब बाहेर आली, तिच्यावर सितारामनं लावलेलं ठिगळही होतं. हेमा ट्यूबकडं बघत राहिली, मग बापाकडं. "बाबा!"

लिंबाजीनं सगळं कबूल केलं. हेमानं त्याला अंगणात नेलं, टाकीच्या रबरी नळीतून पाणी सोडलं आणि म्हणाली, "आता ही नळी मधेच तळहातानं दाबून पाणी बंद करा." त्यानं केलं. "आता एका बोटानं." बोट पांढरं पडलं तरी पाणी चाललंच होतं. "पट्टी अरुंद असली की तिचा जोर आतल्या नाडीपर्यंत पुरा पोचत न्हाई. मग जास्त दाबावं लागतं, आन् पारा चढतो. दंड जेवढा जाड तेवढा जास्त चढतो. दाब मान्साचा न्हाई बाबा, ट्यूबचा हाय!"

मॅट्रिकच्या पोरीनं बावीस वर्षांची कंपाउंडरी एका नळीत घातली होती! पण पुढच्याच क्षणी त्याला आठवली ती फाडलेली यादी.

"हेमे, हे कुणाला बोलू नको! सूर्यभानरावाला कळलं की त्याला काही झालं न्हाई, तर बँड आला, ट्रान्झिस्टर आला, तीनशे जिलब्या आल्या! कुठून आणू? लग्न मोडंल! एकदा अक्षता पडू दे, मग सांगू."

हेमाचा चेहरा उतरला. तिला काय नको होतं का हे लग्न? तीच तर रोज दिवस मोजत होती! पण तिनं ओढणी कमरेला खोचली. "मुंजाजीचं पत्र आलंय. वडील रात्री झोपत न्हाईत म्हणून लिहिलंय. त्यांना भीतीनं काही झालं तर? खोट्या आकड्यावर माझा संसार मांडू नका बाबा. तुमी सांगा, न्हाईतर मी पत्र लिहिते."

त्याच आठवड्यात डॉक्टर व्यंकटराव परतले. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, आणि आता त्यांना फारच स्पष्ट दिसत होतं! ओट्यावर बसून नाडी मोजणारा पैलवान दिसला, वही दिसली, ट्यूब दिसली. पुढचा अर्धा तास ते लिंबाजीला जे बोलले, ते छापण्यासारखं नाही. मग त्यांनी परभणीहून नवा पट्टा आणवला, जाड दंडालाही पुरेल असा रुंद, आणि सगळ्या गावाचा दाब पुन्हा मोजला. एकशे वीस, एकशे तीस, एकशे अठरा! पैलवानाचे एकशे चोवीस! त्या संध्याकाळी घरोघर पिठलं झालं आणि मीठ घालून झालं. पाणवठ्यावर महिन्याभराची तुंबलेली भांडणं एकदम सुटली, आणि त्या सगळ्यांत शिव्या मात्र लिंबाजीच्याच नावानं होत्या.

"आता गंगाखेड," डॉक्टर म्हणाले. "पेटी घेऊन जा. त्यांच्या तोंडावर खरं सांग, आणि नीट मोजून दाखव."

लिंबाजी एसटीत बसला तो पेटी मांडीवर घेऊन, फाशीला निघाल्यासारखा. परभणीला गाडी बदलली. वाटभर तो मनात घोकत होता, "इवाई, तुमाला काही झालं न्हाई." वाक्य चांगलं होतं. ऐकणारा खूश व्हायला पाहिजे असं होतं. पण त्याच्यापुढं बँड वाजायला लागायचा, आणि बँडच्या मागून हेमा अंगणात एकटीच बसलेली दिसायची.

दारात विहीणबाई भेटल्या. पंचफुलाबाई अंगानं लहान, पण डोळे असे की समोरचा माणूस खिसे चाचपून बघेल. त्यांनी लिंबाजीला बाहीला धरून चुलीपाशी नेलं.

"इवाई, तुमाला म्हणून सांगते. हेमाची आण घालते, कुनाला बोलायचं न्हाई! मी पयल्या दिसापासून त्यांच्या वरणात मीठ घालायलेय. आमच्या दोघांच्या वाटचं, भरपूर! भर उन्हात राबलेल्या धन्याला अळणी घास कसा घालू? माझ्या हातानं होईना! त्यांना काईच कळत न्हाई. अळणी अळणी म्हणत मिटक्या मारत खात्यात!"

लिंबाजीनं मान हलवली. हेमाची आण घातल्यावर दुसरं काय करणार?

मग सूर्यभानरावांनी त्याला गोठ्यात नेलं. माणूस ओळखू येईना इतका मऊ झाला होता. बैलालासुद्धा "जरा सरकता का?" म्हणाला. इकडंतिकडं बघून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत जाडं मीठ!

"इवाई, शपथ हाय तुमाला हेमाची! हिला कळू देऊ नका. बिचारी माझ्यासाठी अळणी रांधते, मला आपलं खावत न्हाई. मंग ताटावर बसलो की पयल्या घासाआधीच हळूच मूठभर टाकतो. मेलो तरी चालंल, पर मीठ खाऊन मरंन!"

आता लिंबाजीच्या डोक्यात हिशेब झाला. बायको घालते ते मीठ, अधिक नवरा घालतो ते मीठ. म्हणजे हा माणूस महिनाभर दुप्पट मीठ खात होता! त्यात रात्रीची झोप नाही, जिवाला घोर.

"इवाई, ऐका," तो ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला. पंचफुलाबाई होत्या, मुंजाजी शाळेतून नुकताच आला होता. लिंबाजीनं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. "तुमाला काही झालं न्हाई. ते मशीन खोटं होतं. आत सायकलची ट्यूब होती. माझ्या हातून चूक झाली, पाय धरतो. तुमचा दाब चांगला हाय. तुमची यादी... यादीचं बघू पुढं. हे खरं मशीन, आत्ता मोजून दाखवतो."

सूर्यभानरावांची मान हळूहळू ताठ झाली. मिशी वर आली. महिनाभरानं त्यांच्या छातीत आवाज भरला. "सायकलची ट्यूब? मला? मी एक महिना बायकू-पोरांचा निरोप घ्यायलोय, आन् तुमी मला सायकलची ट्यूब लावली?" मुंजाजी खाली बघू लागला. लिंबाजीला बँडचा ढोल अगदी जवळ ऐकू आला.

"मोजा!" सूर्यभानराव गरजले.

लिंबाजीनं त्यांना आधी थोडं गार पाणी पाजलं, चांगला अर्धा तास बाजेवर पडू दिलं. एकही चूक आता व्हायला नको होती. मग रुंद पट्टा बांधला, पारा चढवला, हवा सोडली. ठक्! लिंबाजीचा चेहरा पिठासारखा झाला. त्यानं पुन्हा मोजलं. दुसऱ्या दंडाला बांधून मोजलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"किती?"

"एकशे..." लिंबाजीनं पारा पुन्हा एकदा बघितला. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

सूर्यभानरावांनी बोटांवर हिशेब केला. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे बत्तीसनं उतरलं!"

"उतरलं न्हाई हो! तेव्हाचा आकडाच खोटा होता! हा खरा हाय!"

"ऱ्हाऊ द्या इवाई, ऱ्हाऊ द्या!" सूर्यभानरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "माझ्यावर उपकार नको म्हणून ट्यूब-बीब सांगायलाव व्हय? लय मोठं मन तुमचं! दाब न्हाई म्हन्लात आन् एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला. मशीन खोटं असतं तर आता काईच निघालं नस्तं! ह्यो समदा अळणी खाल्ल्याचा गुण!"

"व्हय तर!" पंचफुलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "महिनाभर चिमूटभर मीठ घालू दिलं न्हाई मी!"

"चिमूटभर न्हाई!" सूर्यभानराव म्हणाले. आणि दोघांनीही, एकमेकांना दिसणार नाही अशा बेतानं, लिंबाजीकडं डोळे वटारले.

लिंबाजीनं तोंड उघडलं, दोन्हीकडच्या शपथा आठवल्या, आणि मिटलं. "यादी..." तो पुटपुटला.

"नाव काढू नका यादीचं! जीव वाचवणाऱ्याकडनं ट्रान्झिस्टर घेऊ व्हय? लगीन ठरल्या दिवशी, तुमच्या दारात, चार मान्सांत!"

मुंजाजीनं वर बघितलं आणि हसला. लिंबाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं म्हणून दुसरं चढलं. समोर हा चांगला माणूस बसला होता, पोरीचा सासरा, आणि आता त्याला खरोखर दुखणं होतं. "इवाई, मुलीकडच्यांचीबी एक अट हाय," तो हिय्या करून म्हणाला. "सोमवारी मी येतो, तुमाला परभणीला मोठ्या डॉक्टरकडं नेतो. आन् हेमा घरात आली की मिठाचा डबा तिच्या ताब्यात. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई!"

"मंजूर!" दोघं एकदम म्हणाले, इतक्या खुशीनं की लिंबाजीला संशयच आला.

"आन् सोमवारपर्यंत मीठ बंद. खरोखरचं बंद!"

"त्याची काळजीच नको," सूर्यभानरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आतापर्यंत चाललंय तसंच चालू ठिवतो!"

"तसं न्हाई!" लिंबाजी किंचाळला, पण तोवर जेवणाची पानं मांडली गेली होती.

परतीच्या गाडीतून उतरला तेव्हा हेमा फाट्यापर्यंत सामोरी आलेली. तिनं पेटी हातातून घेतली. चालता चालता तिनं विचारलं, "बाबा, खरं सांगून आलात ना?"

"सांगितलं की," लिंबाजी म्हणाला. "लग्नबी ठरल्या दिवशीच होतंय, यादीबी न्हाई. पण पोरी, मी पोचेपर्यंत त्या खोट्याचंच खरं होऊन बसलं होतं."